काकांची १९७८ ची पद्मिनी: रंगाच्या आधी पत्र्यावर गेलेले अकरा आठवडे

हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, कारण जुनी गाडी करायला काढली म्हटलं की जो तो पहिलं विचारतो कलर कुठला मारणार, आणि मी पण सुरुवातीला शेडकार्डच घेऊन फिरत होतो. गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, आमच्या काकांची. रत्नागिरीत आयुष्य गेलं तिचं, काका गेल्यावर घरामागच्या मांगरात नऊ वर्षं उभी होती. वर कौलं होती म्हणून पाऊस थेट लागला नाही, पण समुद्र इतका जवळ की रात्री गाज ऐकू येते, आणि कोकणातल्या माणसाला माहितीये की तिथे खिडकीचे गज, सायकलची चेन, गेटची बिजागरी काहीच सुटत नाही. काकू म्हणाली, "नेतोस तर ने रे बाबा, पण भंगारात नको घालू." डिसेंबरात ट्रकवर चढवून आंबा घाटातून कोल्हापूरला आणली.

आधी गाडीबद्दल दोन शब्द, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून होते. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात लायसनवर बनायची, १९७४ पासून तिला पद्मिनी नाव लागलं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगला गिअर, मागे पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. दाराखालची जी लांब पोकळ पेटी असते, सिल म्हणतात ती, ती काही शोभेची पट्टी नाही, पुढची आणि मागची चाकं एकमेकांना धरून ठेवण्यात तिचा मोठा वाटा असतो. ती आतून खलास झाली की गाडी मधून वाकायला लागते, दारं नीट लागत नाहीत, आणि वरून कितीही चकचकीत रंग मारला तरी ती गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची राहत नाही.

काम दिलं ते साठी ओलांडलेल्या एका टिंकरिंगच्या मिस्त्रींकडे, सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही मामाच म्हणतो. मी रंगाचं विचारलं तर त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाले, "पाव्हणं, रंगाचं मागनं बोलू. आधी हिला उघडी तर करू या."

वरून गाडी तशी बरी दिसत होती हे सांगायला पाहिजे. मरून रंग, थोडा उडालेला, मागच्या चाकाच्या कमानीवर तीनचार फोड आणि डाव्या दाराच्या खालच्या कडेला तांबूस ओघळ, बस. पण रंगावर फोड दिसला की समजायचं गंज आतून पत्रा खाऊन आता बाहेरच्या अंगाला पोचलाय. मामांनी फ्रिजवरचं चपटं मॅग्नेट मागवलं, मऊ कापडात गुंडाळलं आणि पॅनलवरून फिरवायला लागले, जिथे नुसता पत्रा आणि रंग तिथे गच्च चिकटतं, जिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलीये तिथे ढिलं पडतं, आणि मागच्या डाव्या मडगार्डवर तर ते सरळ खाली पडलं. नंतर ग्राइंडर लावला तेव्हा कळलं तिथे लांबीचा थर १२ मिमी होता. पत्रा ०.९ मिमीचा आणि त्यावर लांबी १२ मिमी!

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत गेलो. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, गेलेल्याचा बद्द. डाव्या सिलवर ठोकताना आवाज बद्द सोडा, आवाजच येईना. टोक जरा दाबलं तर आत गेलं आणि बाहेर आलं ते गोणपाट. मागे कधीतरी कुणीतरी सिलला भोक पडलं म्हणून आत गोणपाट कोंबून वरून एम-सील थापलं होतं आणि त्यावर रंग मारून गाडी काकांच्या हातात दिली होती. त्या गोणपाटाने इतकी वर्षं दर पावसाळ्याचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवलं. भोक तसंच उघडं ठेवलं असतं तर पत्रा कमी गेला असता, हे मी अगदी मनापासून सांगतो. काका गाडीला किती जपायचे ते मी पाहिलंय, दर रविवारी पुसायचे, आणि त्यांना हे कधी कळलंही नसणार याचं मला आजही वाईट वाटतं.

सीट, कार्पेट, दारांचे पुठ्ठे, काचा, रबरं सगळं उतरवलं. दाराच्या रबराखाली मूळ रंग सापडला, फिकट आकाशी, आरसी बुकातही तोच लिहिलेला, तेव्हा शेडकार्डचा विषय तिथेच संपला. मरूनच्या खाली एकूण पाच थर होते. एका कापडावर थिनर घेऊन कोपऱ्यात घासलं तर रंग विरघळून कापडावर आला, म्हणजे थिनरने विरघळणारा जुन्या पद्धतीचा ड्युको रंग. अशा रंगावर सरळ आजचा पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारला तर खालचा थर सुरकुततो, त्यामुळे सगळा काढायचा हे नक्की झालं. इथे मी म्हटलं सगळी बॉडी सँडब्लास्टिंगला देऊन टाकू, एका दिवसात मोकळं. मामांनी साफ नकार दिला आणि ते बरोबर होते. बॉनेट, छप्पर, दार असा मोठा सपाट पातळ पत्रा वाळूच्या माऱ्याने ताणला जातो आणि लाटा पडतात, त्या नंतर कुणाच्या बापाला सरळ होत नाहीत. म्हणून बिजागऱ्या, बंपरच्या पट्ट्या, बॅटरीचा ट्रे असा जाड माल तेवढा ब्लास्टिंगला दिला, बाकी बॉडीला पेंट रिमूव्हर लावून पत्र्याच्या पट्टीने खरवडलं. आठ दिवस गेले. एक सांगतो, इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासताना साधा रुमाल नको, नीट फिल्टरवाला मास्क पाहिजे आणि पोरांना त्या जागेत फिरकू देऊ नका.

उघडी केल्यावर खरा हिशोब समोर आला. डावं सिल बाहेरून आणि आतून दोन्ही गेलेलं, उजव्याचा फक्त खालचा दोन इंच भाग, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर चाळणी, डिकीच्या तळाचे दोन कोपरे, दोन्ही मागच्या कमानी, चारही दारांचा तळ, आणि पाटा जिथे बॉडीला अडकतो त्या पुढच्या हँगरजवळचा पत्रा सुजलेला. सुजलेला म्हणजे खरंच सुजलेला. दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड केलेले असतात त्या फटीत पाणी ओढलं जातं, आत गंज धरतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे दोन टाक्यांच्या मधला पत्रा उशीसारखा फुगतो. तिथे वरून काहीही लावून उपयोग नाही, टाके ड्रिल करून पत्रे वेगळे करावेच लागतात. या सगळ्यात जिवाला धोका फक्त हँगरचा आणि सिलचा होता, म्हणून काम तिथून सुरू केलं. दिसणारा भाग सगळ्यात शेवटी.

सिल कापायच्या आधी तीन दिवस नुसती तयारी चालली होती आणि माझ्या मते अख्ख्या कामातले हे तीन दिवस सगळ्यात मोलाचे. गाडी लोखंडी घोड्यांवर घेतली, पण घोड्या अशा लावल्या की वजन सस्पेन्शनच्या जागी पडेल, म्हणजे गाडी चाकांवर उभी असते तशीच बसेल. दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाके मारून बसवले. त्याआधी दोन्ही बाजूंच्या चौकटींचे कर्ण टेपने मोजून एकमेकांशी ताडून पाहिले, तर डावीकडे ७ मिमीचा फरक. गाडी खरंच मधून बसली होती. स्क्रू जॅक लावून दोन दिवस थोडं थोडं उचलत फरक २ मिमीवर आणला, दार बसवून बघितलं, फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसायला लागली, मग पाइप पक्के केले. हे न करता सिल कापलं असतं तर गाडी त्याच वाकलेल्या आकारात कायमची वेल्ड झाली असती. आणि एका वेळी एकच बाजू, दोन्ही सिल एकदम कधीच कापायची नाहीत.

किती कापायचं यावर मात्र माझी आणि मामांची थोडी झाली. मला वाटत होतं जिथे भोक आहे तेवढाच भाग काढून ठिगळ लावावं, जुना पत्रा जितका राहील तितका बरा. मामा म्हणाले, "ठिगळाला बी धड कापड लागतंय की." खडूने रेघ मारली ती भोकाच्या पुढे चार बोटं. ग्राइंडरची चकती त्या रेघेवर फिरवली तेव्हा कापलेली कड पांढरी स्वच्छ दिसली, जाडी कॅलिपरने ०.८ च्या वर, तिथे थांबलो. माझ्या रेघेवर कापलं असतं तर तिथला पत्रा अर्ध्या जाडीचा होता, वेल्डिंगचा टाका लावला की तो वितळून भोक मोठंच होत गेलं असतं.

शिवाय जुन्या ठिगळांवर पितळ मारलेलं निघालं. पूर्वी सर्रास करायचे, पितळेचा टाका टाकणखार लावून. त्या टाकणखाराचा अंश राहिला की वरचा रंग काही महिन्यांत फुगतो, आणि ज्या पत्र्याला पितळ लागलंय त्यावर साधा वेल्ड धरत नाही, चिरा जातात. ते सगळं कापून काढावं लागलं.

नवीन पत्रा कोल्हापूरच्या उद्यमनगरातून सीआरसीए (साधा, मऊ केलेला पोलादी पत्रा) घेतला, आतल्या भिंतीला आणि फ्लोअरला १८ गेजचा, बाहेरच्या सिलला २० गेजचा, तिथेच बेंडिंग मशीनवर मापाने मोडून घेतला. एका मित्राचं म्हणणं होतं जीआय वापरा, गंजायचाच नाही. पण जीआयचा जस्ताचा थर नेमका टाक्याच्या जागी जळून जातो, टाका सच्छिद्र होतो आणि त्या धुराने वेल्डरला ताप भरतो, तेव्हा नाही. जिथे दोन पत्रे एकावर एक येणार तिथे आधी झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर मारला, वरच्या पत्र्याला ८ मिमीची भोकं पाडली आणि ती भोकं वेल्डने भरली, कंपनीच्या स्पॉट वेल्डच्या जागी तोच उपाय. वेल्डिंग मशीन सीओटू गॅसचं, वायर ०.८ मिमीची. टाका मारायचा, हातभर लांब जाऊन दुसरा, मग मधे, पत्र्याला हात लावता आला पाहिजे इतका थंड होऊ द्यायचा, मग पुढचा.

एका ठिकाणी ही शिस्त मोडली. मागच्या डाव्या दाराच्या तळाची पट्टी लावताना मदतनीस पोराने घाई केली आणि सलग चार इंच टाका ओढला. थंड झाल्यावर दाराचा खालचा भाग बोटाने दाबला की आत-बाहेर डबडब करायला लागला. मामांनी फुगवट्याच्या मधे नाण्याएवढा ठिपका गॅसने लालबुंद केला, कडेने हातोडी आणि मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्याने (डॉली) हलकं ठोकलं आणि ओलं फडकं दाबलं, चर्र आवाज आला आणि पत्रा आक्रसला. असे पाच ठिपके. माझ्या डोळ्यासमोर तो पत्रा ताठ झाला, मी असं काम पहिल्यांदाच जवळून बघत होतो.

कमानींच्या बाबतीत मी सीओटूचाच आग्रह धरला होता आणि मामा गॅसच्या ज्वाळेने वेल्ड करण्यावर अडून बसले. त्यांचं म्हणणं असं की सीओटूचा टाका कडक होतो, हातोडीला दाद देत नाही, घासूनच सपाट करावा लागतो आणि घासताना शेजारचा पत्रा पातळ होतो, गॅसचा टाका मऊ असतो, गरम असतानाच ठोकून पत्र्यात मिळवता येतो. गोलाईच्या जागी हे तंतोतंत खरं निघालं. उजव्या बाजूची कमान मामांनी गॅसने केली, नंतर तिथे लांबी जेमतेम अर्धा मिमी लागली. डावी कमान इतकी गेलेली की ती मुंबईहून आणली, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एका भंगारवाल्याकडे जुन्या टॅक्सीचं मागचं मडगार्ड मिळालं, काळ्या रंगाखाली पत्रा कोरा करकरीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्यामुळे हा माल आता आटत जाणार, ज्यांना पाहिजे त्यांनी आत्ताच घेऊन ठेवावा.

आता मिठाबद्दल, कारण कोकणातल्या गाडीचं खरं दुखणं तेच आहे आणि मला ते उशिरा कळलं. जो पत्रा कापायचा नव्हता, नुसते बारीक खड्डे पडलेले, तो संध्याकाळी वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने घासून चकाचक केला. सकाळी येऊन बघतो तर प्रत्येक खड्ड्याच्या तळाला मोहरीएवढा पिवळसर तांबूस ठिपका. बाकी पत्रा तसाच पांढरा, फक्त खड्डे रंगलेले. भिंगाने पाहिलं तर काही ठिपके ओलसर चमकत होते, हवा कोरडी असूनसुद्धा. खड्ड्यात क्षार राहिले होते आणि ते हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेत होते. पेपरने घासून क्षार निघत नाहीत, उलट दाबले जातात. यावर प्रायमर मारला असता तर दोन पावसाळ्यांत पुन्हा फोड आले असते, आणि आपण दोष दिला असता रंगाला.

मग उपाय केला तो असा: गरम पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने घासून धुतलं, ब्लोअरने वाळवलं, रात्रभर ठेवलं, सकाळी ठिपके बघितले, पुन्हा धुतलं. तीन वेळा. चौथ्या सकाळी ठिपके आले नाहीत. त्यानंतर फॉस्फोरिक ॲसिडवाला रस्ट रिमूव्हर ब्रशने लावला, खड्ड्यांतला उरलेला काळपट गंज त्याने खाल्ला आणि पत्र्यावर राखाडी झाक आली, ते वाळू न देता पाण्याने भरपूर धुवून टाकलं. हे धुणं महत्त्वाचं, ॲसिडचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी धरत नाही. बाजारात जे रस्ट कन्व्हर्टर मिळतात ते घट्ट चिकटलेल्या पातळ गंजासाठी ठीक, पापुद्रे सुटलेल्या गंजावर लावणं म्हणजे पापुद्र्यालाच रंगवणं.

प्रायमर टू-पॅक इपॉक्सी, थेट उघड्या पत्र्यावर. रेड ऑक्साइड गेटला ठीक आहे, गाडीला नाही, साध्या रेड ऑक्साइडमधून ओल आत जाते. जानेवारीत कोल्हापुरात सकाळी पत्रा थंडगार असतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं, पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असावं असा नियम आहे, म्हणून आम्ही प्रायमर अकरा ते तीनच्या मधेच मारला. हेच काम रत्नागिरीत जुलैत करायचं ठरवलं असतं तर जमलंच नसतं.

लांबी इपॉक्सीच्या वर, ८० नंबरने ओरखडून. जुने पेंटर उघड्या पत्र्यावर लांबी ओढून पाणीपेपरने घासतात, मला ते अजिबात पटत नाही, लांबी पाणी पिते आणि ते पाणी थेट पत्र्यापर्यंत जातं. सगळं कोरडं घासलं, लाकडी लांब ठोकळ्यावर पेपर लावून, तिरप्या दोन्ही दिशांनी. वरून काळ्या रंगाचा विरळ फवारा मारायचा, घासलं की उंच भागावरचा काळा जातो आणि खोलगट भागात राहतो, अंदाज करावाच लागत नाही. मामा शेवटी तळहातावर मलमलचं पातळ फडकं ठेवून पॅनलवरून हात फिरवायचे, डोळे मिटून. कापडामुळे हात अडकत नाही आणि बारीक लाट लगेच कळते. कुठेही लांबी २ मिमीच्या वर गेली नाही, मॅग्नेट फिरवून मी स्वतः खात्री केली.

सीम सीलर लावताना शेवटची एक गडबड झाली. मदतनीस पोराने मनापासून काम केलं आणि सगळ्या फटी बुजवल्या, त्यात दारांच्या तळाची पाणी जायची भोकं आणि सिलच्या खालच्या फटीही बुजल्या. काचेच्या रबरातून दारात पाणी जाणारच, कुठल्याही गाडीत जातं, ते खालून निघून गेलं पाहिजे, आणि या गाडीत जिथे जिथे पत्रा गेला होता तिथे मूळ कारण बहुतेक हेच होतं, मातीने भोकं बुजलेली. सीलर ओला होता तोवर मामांनी सहा मिमीच्या सळईने एकेक भोक मोकळं केलं आणि पोराला ओरडले नाहीत, जवळ बसवून दाखवलं कुठलं पाणी कुठून जातं ते. पोकळ पेट्यांमध्ये आतून मेणाचा फवारा रंग झाल्यावर मारायचा ठरलं, आधी मारला तर त्याचा अंश पॅनलवर येऊन रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सर्फेसर, म्हणजे रंगाच्या आधीचा शेवटचा थर, मारून झाला. पाइप कापून काढले, कर्ण पुन्हा मोजले, २ मिमी होता तो २ मिमीच राहिला. दारं एका बोटाने लागत होती. पेंटरकडे द्यायच्या आधी मामांनी प्रत्येक दाराच्या काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओतलं आणि आम्ही दोघं खाली वाकून बघत बसलो. तीन दारांतून लगेच धार लागली. मागच्या उजव्या दारातून नुसते थेंब येत होते, तिथे आत सीलरचा एक गोळा पडला होता, तो तारेने काढला आणि पुन्हा पाणी ओतलं.